कपाटावरचा तबला

परवा माळा आवरताना ‘कंदिसा’ची कॅसेट सापडली. डबीला तडा गेलाय, आतला कागद पिवळा पडलाय. वाजवायला घरात टेपरेकॉर्डरही उरलेला नाही. "टाकून देऊ का?" बायकोनं विचारलं. मी काही न बोलता ती तिच्या हातातून काढून घेतली आणि मग आवराआवर जी थांबली ती थांबलीच.

गोष्ट २००३ ची. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. दुसऱ्या एका कॉलेजच्या फेस्टिव्हलचे दोन पास मित्राला मिळाले होते. रात्री एक हिंदी पॉप गायक येणार होता. तेव्हा त्याची गाणी रिक्षापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे वाजायची. मला त्यांचं फारसं कौतुक नव्हतं, पण फुकटचा पास, शनिवारची रात्र आणि मित्राच्या ओळखीच्या तीन-चार मुली तिथे येणार होत्या. (बाकी तपशील देत नाही, घरची मंडळीही वाचतात!)

गायकाचा पत्ता नव्हता. त्याच्या आधी दिल्लीचा कुठलातरी बँड आहे असं कळलं, म्हणून आम्ही मागच्या स्टॉलवर वडापाव घेऊन उभे राहिलो. स्टेजवर चार माणसं आली. ना चमचमते कपडे, ना धूर. मला तर ती साऊंडवाली माणसंच वाटली. आणि त्यातला एकजण खाली मांडी घालून बसला, हातोडी घेतली आणि गजऱ्यावर ठोकत तबला लावायला लागला.

वडापाव तसाच हातात राहिला.

इथे थोडं मागे जायला हवं. मी आठ वर्षं तबला शिकलो. गांधर्वच्या परीक्षा देत मध्यमापर्यंत पोचलो आणि दहावीच्या वर्षी सोडला. ‘वर्षभरापुरता’ सोडला, असं घरी सांगितलं होतं. खरं कारण अभ्यास नव्हतंच. कॉलेजात सगळे गिटार घेऊन फिरणार आणि आपण डग्ग्याला खोळ घालून सायकलवरून नेणार, याची मला आधीच लाज वाटायला लागली होती. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी जोडी कपाटावर ठेवली. दर दिवाळीला ते स्टुलावर चढून ती पुसायचे आणि परत ठेवायचे. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला दर दिवाळीला वाटायचं.

आता तोच तबला समोर, शेजारी ड्रम्स, बेस आणि गिटार. त्यात भर म्हणजे तो माणूस वाजवता वाजवता गात होता! तबलजीनं तोंड उघडायचं ते पढंतीपुरतं, एवढंच मला माहीत होतं. इथे हात ठेका धरून होते आणि आवाज असा की मागे उभ्या असलेल्यांचीही बडबड हळूहळू थांबली. डग्ग्यावर मनगट सरकायचं तेव्हा तो घुमारा थेट छातीत यायचा. त्या माणसाचं नाव असीम चक्रवर्ती आणि बँडचं नाव इंडियन ओशन, हे मित्रानं शेजारच्याला विचारून सांगितलं.

‘कंदिसा’ गायले तेव्हा त्यातला एक शब्दही कळला नाही. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची ती अरामाईक भाषेतली प्रार्थना आहे, हे नंतर समजलं. ‘मा रेवा’ मात्र लगेच कळलं. रेवा म्हणजे नर्मदा, आणि परिक्रमेच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या. बेस वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, तिथल्या खोऱ्यातून ते गाणं आलं, हेही नंतर वाचलं. त्या वेळी फक्त एवढंच वाटत होतं की मी ज्या वाद्याला घाबरून पळालो, ते इथे कुणाचीही माफी न मागता बसलंय.

पॉप गायक शेवटी आला म्हणे. मी तोपर्यंत निघालो होतो.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आवाज न करता स्टूल ओढलं, जोडी खाली काढली. शाईचा एक टवका गेला होता आणि तबला इतका उतरला होता की टक् असा लाकडी आवाज आला. मी ड्रॉवर धुंडाळत होतो तेवढ्यात मागे दिवा लागला.

"काय शोधतोयस?"

"हातोडी."

बाबा काही न विचारता आईच्या शिलाई मशीनपाशी गेले, खालचा खण उघडला आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली हातोडी माझ्या हातात दिली. "आता नको ठोकू, शेजारी झोपलेत," एवढं म्हणून झोपायला गेले. सहा वर्षं ती कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवरून ही कॅसेट आणली. बाबांना ऐकवली तर म्हणाले, "रेकॉर्डिंगमध्ये हात नीट कळत नाही रे. समोर बसून ऐकायला पाहिजे." झालं, तेव्हापासून आमचं ठरलेलंच होतं. बँड पुन्हा पुण्यात आला तेव्हा माझं ऑफिसात रिलीज होतं. त्यानंतर एकदा बाबांचा गुडघा दुखत होता. म्हटलं, पुढच्या वेळी. ही माणसं कुठे पळून चालली आहेत!

२५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेले. ऑफिसात बातमी वाचली आणि घरी फोन केला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो तबलेवाला का?"

बँड थांबला नाही, नवे वादक आले, पुढे २०१३ मध्ये गिटारवाले सुस्मित सेनही बाहेर पडले. बँडचं नाव सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं, हे वाचलं तेव्हा का कोण जाणे, बरं वाटलं. ‘लीव्हिंग होम’ हा त्यांच्यावरचा जयदीप वर्मांचा माहितीपट २०१० मध्ये आला. त्याची डीव्हीडी मिळाल्यावर एका रविवारी बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. चष्मा पुसून ते अगदी पडद्याला नाक लागेल इतके पुढे सरकले. मी अधूनमधून माहिती पुरवत होतो, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. असीम वाजवायला लागले तशी बाबांची बोटं टेबलाच्या कडेवर हलायला लागली.

"डग्गा बघ," ते म्हणाले. "आवाज वाढव जरा."