तालीम की तलाव?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) चांगली कादंबरी आहे, यावर दोन मराठी वाचकांचं सहसा दुमत होत नाही आणि बोलणं तिथेच आटपतं. अभिजात ठरलेल्या पुस्तकाचं हे दुर्दैवच म्हणायचं. त्याच्याबद्दल मत विचारलं की लोक मत देत नाहीत, दाद देतात. दाद खोडता येत नाही, म्हणून ती पुढेही जात नाही. समोरच्या वाचकाला खोडून काढता येईल असं काहीतरी बोलावं, तेव्हा कुठे त्याला मत म्हणावं. ते मत आपल्या गावच्या मातीतून निघालं तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते तिथेच अडून बसलं तर.

गोंदिया जिल्ह्यात, समजा अर्जुनी-मोरगावकडे, कोणी ही कादंबरी हाती घेतली. हा धानाचा मुलूख. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव, असंख्य मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या यांच्यावर इथली शेती तगलेली, आणि यातले कित्येक तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी इंग्रजी अमलाच्या आधी बांधलेले. पावसाने ओढ दिली की काय होतं, हे इथल्या वाचकाला पुस्तकातून कळायची गरज नाही. पऱ्हे पिवळे पडतात, बांधीत चिखल होत नाही, रोवणी खोळंबते, आणि तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचं यावरून गावात तंटा उभा राहतो. असा वाचक राजाराम मास्तराची गोष्ट वाचतो. मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, मोडलेली शाळा लावतो, लोकांना एकत्र आणून तालीम उभी करतो. तिच्यासाठी औंध संस्थानचे राजे पंतसरकार वाडीत येतात. पुढे पाऊस पडत नाही, चारापाणी सरतं, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. इथे गोंदियाच्या वाचकाच्या मनात सरळ प्रश्न येईल : अख्खी वाडी राबायला तयार होती, तर तालीमच का? तलाव का नाही?

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो दुसऱ्या वाचकापुढे ठेवून पाहा. तो म्हणेल, अरे बाबा, बनगरवाडी आहे त्या माणदेशात साठवायला पाणी आहे कुठे? तुमच्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिकडे त्याच्या निम्माही नाही. शिवाय मेंढपाळाचं जगणं बांधीवर थोडंच उभं आहे? चारा संपला की कळप घेऊन निघणं ही त्याची जुनी रीत. पहिल्या वाचकाला इथे माघार घ्यावी लागते, पण तो रिकाम्या हाताने माघार घेत नाही. वाडी सोडणं ही धनगरांची रीतच असेल, तर शेवटच्या पानांवरचं ओसाडपण कोणाचं? कादंबरी मास्तर सांगतो, 'मी' म्हणून सांगतो. मग ते दुःख एका जागी राहणाऱ्या, पगारावर आलेल्या माणसाचं तर नसेल? नवेगावबांधच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. सोलापूरहून आलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखणीतूनच त्याचं रान महाराष्ट्राला कळलं. बाहेरचा माणूस किती पाहतो आणि काय निसटतं, हे त्याला पडताळता येतं. माझ्या मते तलावाचा प्रश्न चुकीचा होता आणि त्यानेच कादंबरीचं खरं दार उघडलं. एकट्याने वाचताना तो तसाच मनात राहिला असता, चुकीचाच.

यावर म्हणतील, आवड ज्याची त्याची, भांडायचं कशाला? आवडीवर भांडूच नये. पण तालीम का बांधली, शेवट कोण सांगतो, याची उत्तरं पानांत आहेत, पोटात नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : जो तो आपल्या गावाच्या चष्म्यातून वाचू लागला तर कादंबरीचं काहीही करता येईल. म्हणून तर सहवाचक हवा, आणि तो शक्यतो दुसऱ्या मुलखातला. आपल्या भागाचं तेवढं वाचावं, हा उपाय मला पटत नाही. उद्धव शेळके यांची 'धग' (1960) विदर्भाची म्हणून गोंदियाच्या हाती दिली जाते; तिच्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात, आणि इथल्या घरांत झाडीबोली नाहीतर पोवारी. 'धग'मधल्या कौतिकचं घर इथल्या वाचकाला जवळचं वाटेलही, पण विदर्भ एकच म्हणून नव्हे. का वाटलं, ते त्याने पान उघडून दाखवावं.

'बनगरवाडी' लहानशी आहे. रोवणी आटोपल्यापासून धान कापणीला येईपर्यंत ती दोघांची वाचून होते, आणि एकदा नीट भांडूनही होते.