ही गाडी कुठल्या डेपोची?

वाचकहो, आपल्या घरी माळ्यावर किंवा नातवंडांच्या कपाटात रिमोटवर चालणारा मोठ्या चाकांचा एखादा ट्रक बिघडून पडला असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी हा लेख वाचावा, अशी विनंती आहे. मी यंत्रज्ञ नव्हे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकविले. मात्र आमचे ‘हे’ ३४ वर्षे एस.टी.च्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत होते आणि गेली अडीच वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. पुढील मजकुरात ट्रकही येईल आणि आजारही. आमच्या घरात ते दोन्ही एकाच टेबलावर मांडलेले असतात.

या आजाराच्या सुरुवातीच्या काळात अलीकडच्या गोष्टींची आठवण आधी जाते. वर्षानुवर्षे हातांच्या अंगवळणी पडलेली कामे त्या मानाने उशिरापर्यंत टिकतात. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले आणि हाताला काहीतरी काम द्या, असे सुचविले. मी भुईमुगाच्या शेंगा सोलायला दिल्या. दोन दिवस त्यांनी मुकाट्याने सोलल्या. तिसऱ्या दिवशी सूप बाजूला सारून म्हणाले, “अगं, सोललेले दाणे बाजारात मिळतात. मला गुंतवून ठेवतेस होय?” रुग्णाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकले असेल. स्मरणशक्ती उणावली, तरी आपल्याला मुद्दाम काढून दिलेले काम कोणते आणि खरोखरीच अडलेले काम कोणते, हे माणसाला कळते.

दिवाळीत नातू आला तो असा बिघडलेला ट्रक घेऊनच. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याचा, चारही चाकांना जोर पोहोचणारा. असल्या वाहनांचे दोन प्रकार असतात. काही स्वस्त खेळण्यांचे भाग एकमेकांना चिकटवलेले असतात. ते उघडले की मोडलेच. दुसरा प्रकार छंदिष्टांचा. त्यातला प्रत्येक भाग स्क्रूने जोडलेला असतो, सुटा मिळतो, आणि आतली रचना खऱ्या मोटारीच्या इतकी जवळची असते, की उघडून पाहताना मला नवल वाटले. मोटरच्या दांड्यावर लहान दंतचक्र म्हणजे पिनियन, त्याला भिडलेले मोठे दंतचक्र, त्यामागे जादा ताण आल्यास घसरून दात वाचविणारा क्लच, मग पुढे-मागे डिफरन्शियल, तेथून चाकांपर्यंत सांध्यांचे शाफ्ट. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंग आणि तेल भरलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

नातवाच्या तक्रारी दोन होत्या. वेग देताच टकटक आवाज येतो. आणि गाडी मागून डावीकडे कललेली राहते. “आजोबा, नवीनच घेऊया का?” असे त्याने विचारले. यांनी गाडी उचलून कानाशी नेली, मागचे चाक बोटाने फिरवले आणि माझ्याकडे वळून विचारले, “ही कुठल्या डेपोची?”

पुढच्या तासाभरात त्यांनी हा प्रश्न चार वेळा विचारला. मी प्रत्येक वेळी “नाशिकची, आपल्या नातवाची” असे सांगितले. हात मात्र एकदाही चुकले नाहीत.

त्यांची पद्धत सांगते, कारण ती कोणालाही वापरता येईल. सर्वांत आधी बॅटरी काढायची. गाडी एका डब्यावर ठेवायची, म्हणजे चारही चाके अधांतरी राहतात. मग आवाज केव्हा येतो ते ठरवायचे. फक्त वळताना येत असेल, तर पुढच्या शाफ्टचे सांधे पाहायचे. चाकाच्या फेऱ्यागणिक येत असेल, तर चाक किंवा बेअरिंग. जोर देताच येत असेल, तर दात. आमचा आवाज तिसऱ्या जातीचा होता. पण हे थेट दातांकडे गेले नाहीत. मागचे एक चाक हाताने पुढे फिरवले. दुसरे उलट फिरले. “डिफरन्शियल शाबूत,” ते म्हणाले. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना असते, हे त्यांनी नातवाला पोळपाटाभोवती बोट फिरवून दाखवले. मी ४० वर्षे एस.टी.ने प्रवास केला, पण हे मला त्या दिवशी कळले.

मग चाके घट्ट धरून मोठे दंतचक्र अंगठ्याने ढकलून पाहिले. चक्र सहज फिरले आणि शाफ्ट जागचे हलले नाहीत, तर क्लच सैल समजायचा. शाफ्टही फिरले आणि चाके स्थिर राहिली, तर डिफरन्शियलमधले दात गेले. येथे दोन्ही नव्हते. तेव्हा कुठे पिनियनवर हात गेला. दांड्याला एका बाजूने सपाटी असते आणि पिनियनचा बारीक स्क्रू त्या सपाटीवर बसावा लागतो. तो सैल होऊन पिनियन पुढे सरकले होते. दात अर्धेच भिडत होते आणि ताण आला की एकमेकांवरून उडी मारत होते. टकटक ती.

पुन्हा बसवताना त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मला वाटले, काही लिहायचे असेल. त्यांनी वहीच्या कागदाची पट्टी फाडून दोन चक्रांच्या दातांमध्ये सरकवली, मोटर तिच्यावर दाबून स्क्रू आवळले आणि चक्र फिरवून पट्टी बाहेर काढली. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली. याहून घट्ट बसवले तर मोटर तापते आणि गाडी रडल्यासारखी आवाज करते. सैल राहिले तर दात खातात. त्या स्क्रूला पकड राहावी म्हणून निळ्या द्रवाचा एक थेंब लावतात, तोही केवळ धातूला धातू भिडतो तेथे. प्लॅस्टिकला लागला तर ते तडकू शकते. ती बाटली मी माझ्याच ताब्यात ठेवते.

दुसरी तक्रार मला अधिक शिकवून गेली. गाडी एका अंगाला बसली आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरला तेलाचा ओलावा दिसत होता. नातू म्हणाला, तेल गळाले म्हणून गाडी बसली. हे हसले. “तेल गेलं की गाडी उड्या मारते रे, बसत नाही. वजन पेलतात ते पाटे.” या ट्रकला पाटे नाहीत, स्प्रिंग आहेत, तेवढा तपशील त्यांच्या मनात मिसळला होता, पण कारण अचूक होते. स्प्रिंग वजन धरते, तेल तिची उसळी शांत करते. गाडी कलली म्हणजे स्प्रिंग तरी कमी दाबलेली किंवा काहीतरी अडकलेले. त्यांनी शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडवला आणि चाकाची मोकळी भुजा वर उचलून सोडली. ती स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवी. आमची वर अडकून राहिली. तिची खीळ काढून खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर घरंगळत सोडली, तर ती लंगडत गेली. पायऱ्यांवरून मारलेल्या उडीत वाकली होती. खीळ बदलली आणि गाडी सरळ उभी राहिली.

तेल भरणे हे काम तर या आजारासाठीच घडवल्यासारखे आहे. यासाठी सिलिकॉनचे तेल लागते. घरातले मशीनचे तेल घातल्यास आतल्या रबरी रिंगा फुगू शकतात. नळी भरायची, दट्ट्या सावकाश वर-खाली करायचा, बुडबुडे वर येतात, आणि मग ते जाईपर्यंत बसून राहायचे. आठ-दहा मिनिटे. तरुण माणसाला ती जड जातात. आमचे हे नळी उजेडाकडे धरून स्वस्थ बसतात. त्या मिनिटांत त्यांना काही आठवावे लागत नाही, कोणाला उत्तर द्यावे लागत नाही; समोर बुडबुडा आहे तोवर थांबायचे, एवढे पुरे असते. सगळे जोडून झाले की गाडी वीतभर उंचीवरून जमिनीवर सोडायची. एकदाच दबून स्थिर झाली तर ठीक. चेंडूसारखी उसळली तर हवा राहिली किंवा तेल पातळ आहे.

आपल्यापैकी कोणी हा उद्योग करू म्हणेल, तर सांभाळायच्या काही गोष्टी आहेत. आमच्याकडे सकाळी दहाच्या उजेडात काम सुरू होते आणि अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढतो, तेव्हा स्क्रू समोर आणायचाच नाही. टेबलावर पांढरे फडके अंथरते, कारण काळा स्क्रू काळ्या रबरावर म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही. काढलेले स्क्रू बर्फाच्या ट्रेमधल्या खणांत काढलेल्या क्रमाने ठेवायचे, आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. बारीक पान्यांच्या मुठीला मी जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली. संधिवाताच्या बोटांना जाड मूठ बरी पडते. सिलिकॉनचे तेल फरशीवर सांडले तर ती भयंकर निसरडी होते, आणि पडणे हे आमच्या वयात ट्रकच्या बिघाडाहून फार मोठे प्रकरण आहे. म्हणून खाली वर्तमानपत्र आणि हाताशी साबणपाणी. फिरती चक्रे पाहताना पदर, शाल, बांगड्या दूर हव्यात. ज्यांना वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली आहे, त्यांच्यासमोर बारीक भाग ठेवूच नयेत. लिथियमची बॅटरी चार्ज करण्याचे काम तर रुग्णावर कधीही सोपवू नये: समोर जागता माणूस हवा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती पुन्हा वापरायची नाही. आणि ट्रक घरात चालवायचा नाही. तो दोन-तीन किलोंचा असतो. घोट्याला लागला तर तोल जातो.

या सगळ्याहून अवघड काम सेवेकऱ्याचे असते, ते म्हणजे आपले हात मांडीवर ठेवणे. तो स्क्रू भोकात जात नसतो, बोटे थरथरत असतात, आणि आपल्याला दिसत असते की पाना जरा तिरका धरला आहे. मी तोंडातल्या तोंडात पाढे म्हणते. बहुतेक वेळा सत्तावीसाच्या पाढ्यापर्यंत स्क्रू बसलेला असतो. हाक मारली तरच पुढे व्हायचे, हा आमचा अलिखित करार आहे.

ट्रक दुरुस्त होऊन नाशिकला गेला आणि घर पुन्हा सुने झाले. पुढच्या खेपेला सूनबाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच सुचविले, “आई, एखादा स्क्रू मुद्दाम ढिला करून ठेवू का? बाबांना काम होईल.” तिचा हेतू चांगला होता. मी नको म्हटले. सोललेले दाणे बाजारात मिळतात हे ज्यांना कळले, त्यांना हेही कळेल. आणि कळले नाही तर ते मला अधिक वाईट वाटेल. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेला ट्रक बिघडण्यासाठी कोणाची मदत लागत नाही. मार्चमध्ये एका चाकाचे षट्कोनी भोक झिजून गोल झाले. दांडा फिरायचा, चाक जागेवरच. मे महिन्यात बेअरिंगमध्ये वाळू गेली.

आजार थांबलेला नाही. मे महिन्यात डिफरन्शियल उघडून यांनी मधासारखे दाट तेल भरले. पण झाकण बसवताना कोणते चक्र आधी, हे त्यांना उमगेना. पाच वेळा लावले, पाच वेळा काढले. मग पाना टेबलावर आपटला आणि “हे सगळं तुम्ही बदललंय” म्हणून उठून गेले. मी फोटो दाखवला नाही. त्या क्षणी फोटो म्हणजे पुरावा झाला असता. फडके तसेच चारही कोपऱ्यांतून उचलून आतल्या खोलीत ठेवले. आठ दिवस ट्रक उघडा पडून होता. नवव्या दिवशी नातू शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, मी लावतो, तुम्ही बोटांनी बघा बरोबर बसतंय का.” तेव्हापासून ही नवी वाटणी आहे. नातू जोडतो; हे डोळे मिटून चक्र फिरवतात, आणि खरखर लागली तर मान हलवतात. त्यांची मान अजून चुकलेली नाही. पुढच्या वर्षी काय असेल ते मी विचारत नाही.

सध्या मागचा उजवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाझरतो आहे. दांड्याभोवतीची रबरी रिंग गेली, असे निदान झाले आहे. ती मागवली आहे, येत्या आठवड्यात येईल. तोवर ट्रक डब्यावर ठेवला आहे, चाकांवर वजन नको म्हणून. येता-जाता हे त्याच्यापाशी थांबतात, ओलाव्यावर बोट फिरवून अंगठ्याशी चोळून पाहतात आणि मला विचारतात, ही कुठल्या डेपोची. मी सांगते, आपल्याच.