गाय ढकलून पडते का हो?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'काऊ टिपिंग' आधी कळलं, बैल पाडणं नंतर. अमेरिकेत म्हणे पोरं रात्री उभ्यानं झोपलेली गाय ढकलून पाडतात. पण मित्रांनो, गाय गाढ झोपते ती बसून! 2005 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गणित मांडलं गेलं: सुमारे 2,910 न्यूटन, म्हणजे पाचेक माणसं. गाय पाय रोवणार, ते वेगळंच.

वेरूळचे आमचे काका नाल मारायला बैल पाडतात ते दोर आवळून, मऊ मातीवर, डोकं सांभाळत. आणि लवकर उठवतात, आडव्या गुराचं पोट फुगतं.

1960 च्या कायद्यात गुराला छळल्याचा पहिला दंड 10 ते 50 रुपये. काका म्हणाले, "अन् पाय मोडला तर?"

"न्याय संहिता, कलम 325. पाच वर्षांपर्यंत कैद."

"अन् पेरणीला बैल कोण देणार?"