काटा पंच्याऐंशीवर

चि. निखिल,

तुझा निरोप वाचल्यापासून काकाचं डोकं ठिकाणावर नाही. काकू म्हणाली, आधी बीपीची गोळी घ्या, मग लिहा. गोळी घेतली. तरी काका विचारणारच: पिस्टन-रिंगांचं नवीन किट टाकलेल्या आरएक्स 100 चं कॉम्प्रेशन 85 पीएसआय दिसलं म्हणून त्याच संध्याकाळी ब्लॉक उपसून ठेवलास? वर लिहितोस, ‘मिस्त्री म्हणतो परत बोअर करू.’ मिस्त्री म्हणणारच! लेथवाल्याचंही घर चालायला हवं.

तो आकडा आला कसा, याबद्दल तुझ्या निरोपात अक्षर नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा होता का? बंद थ्रॉटलवर किका मारल्या, तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही. इंजिन गरम होतं का? काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारल्यास, की दोन मारून दमलास? आणि गेज कुणाचा आणलास? आरएक्सचा बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50, म्हणजे सगळं मिळून 98 सीसी. पिस्टन वर पोचला की हेडखाली जेमतेम पंधरा-वीस सीसीची पोकळी उरते. मोटारीच्या गेजची लांब नळी लावली आणि तिचा व्हॉल्व्ह प्लगकडच्या टोकाला नसून काट्यापाशी असला, की नळीतली जागाही त्या पोकळीत मिसळते. धडधाकट इंजिन मग आजारी दिसतं. भाऊंच्या राजदूतच्या वेळी हेच झालं. धमतरी रोडवर तेव्हा कोण रडत बसलं होतं, ते काका लिहीत नाही.

काकाचं मत तुला तोंडपाठ आहे, तरी पुन्हा ऐक. नुकत्याच केलेल्या कामानंतर दोष निघाला, तर तो आधी त्या कामात शोधावा आणि मोजून शोधावा. रायपूरच्या सदर बाजारातला सोनार रत्तीचा हिशेब ठेवतो, आणि शंभर सीसीचं इंजिन बांधणारा ‘बसलं अंदाजानं’ म्हणून हात पुसतो! मोजायला आपल्या लोकांना कमीपणा का वाटतो, कोण जाणे. चौबे कॉलनीच्या महाराष्ट्र मंडळात मायक्रोमीटर हाताळलेले निवृत्त इंजिनिअर नक्की भेटतील. पण आरतीला गेलास की तुझं लक्ष प्रसादावर.

आता ब्लॉक उपसलाच आहेस, तर एक रिंग पिस्टनच्या डोक्याने बोअरमध्ये सरळ ढकल आणि तिच्या तोंडाची फट फिलर गेजने बघ. 50 च्या बोअरला ती साधारण 0.2 मिलिमीटर हवी. पाव मिलिमीटर मोठ्या बोअरमध्ये चुकून स्टँडर्ड रिंग गेली असेल, तर फट पाऊण मिलिमीटरहून जास्त वाढते, कारण घेर व्यासाच्या तिप्पट वेगाने वाढतो. रिंगची तोंडं पिस्टनच्या खिळ्यावरच होती ना? बाण सायलेन्सरकडे होता ना? ब्लॉकखाली कुणी दोन पॅकिंगं तर घातली नाहीत? तेवढ्यानेही ब्लॉक वर उचलला जातो.

खरा संशय मात्र वेगळाच आहे. मागच्या मालकाने गाडी रेसला पळवली होती, असं तूच सांगितलंस. या सिलिंडरला दारं उघडमीट करणारे व्हॉल्व्ह नाहीत, ते काम पिस्टन करतो. वर जाताना तो एक्झॉस्ट पोर्ट झाकत नाही, तोवर हवा दाबलीच जात नाही, सायलेन्सरकडे निसटते. ‘पोर्टिंग’ म्हणून कुणी त्या पोर्टची वरची कड घासली असेल, तर कितीही चांगल्या रिंगा घाल, काटा खालीच राहणार. तशी गाडी वरच्या आरपीएमला मात्र सुसाट पळते. म्हणजे 85 हा बिघाड नसेलही! पोर्टची उंची एखाद्या न घासलेल्या ब्लॉकशी ताडून बघ.

जोडल्यावरही काटा खाली असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी तेल सोड. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर. नाही चढला तर हेड गॅस्केट, वाकलेलं हेड किंवा तोच पोर्ट. नव्या रिंगा बसायला थोडी गाडी चालावीही लागते, तेवढा धीर धर.

गेज फक्त वरच्या मजल्याचं सांगतो. टू-स्ट्रोकचं अर्धं काम खाली क्रँक केसमध्ये चालतं, आणि जुन्या क्रँक सीलमधून हवा शिरली तर मिश्रण पातळ होऊन चांगल्या कॉम्प्रेशनचा पिस्टनही वितळतो. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सहा पीएसआय हवा भर, साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तर गाडी हलवायची नाही. ऐकतोयस ना?

आणि तू ती नव्या रायपूरकडच्या भाटा जमिनीत पळवणार. ती लाल बजरी, वर सिलतऱ्याकडची काळी धूळ. एअर फिल्टरला तेल न लावता निघालास, तर नवा बोअर महिन्यात घासून निघेल. पिस्टन चिकटला की मागचं चाक जागीच अडतं. डाव्या हाताची बोटं क्लचवर असू दे, आणि हे आईला वाचून दाखवू नकोस.

भाऊंचा फिलर गेज तात्यापाऱ्यातल्या कपाटात, खालच्या खणात आहे. फट मोजून आकडा कळव. तोवर मिस्त्रीला ब्लॉक देऊ नकोस.

तुझा,
काका

ता. क. : मोजताना गेजच्या नळीखालचा वॉशर होता का? नसेल, तर पुढच्या वेळी आधी तो घाल.