डिजिटल टीव्ही आणि घरातली मराठी



आमचे सारे शिक्षण हिंदीतून झाले. मराठी मिळाली ती घरातून. म्हणून टीव्हीवर मराठी ऐकू आली की आम्ही हातचे काम ठेवून बसत असू. तेव्हा कवेलूंवर बांबूला अँटेना बांधलेला असे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या!

खेड्यांतील केबल डिजिटल करण्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ होती. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपकही बंद झाले. ज्यांच्या घरी जुना टीव्ही आहे त्यांनी तो भंगारात देण्याची घाई करू नये. तीन रंगांच्या वायरने त्याला सेट-टॉप बॉक्स जोडता येतो.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. २०१९ पासून वाहिन्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. आपण मध्य प्रदेशात राहतो. हिंदी पॅकमध्ये मराठी वाहिनी असेलच असे नाही. ती मागून घ्यावी लागते. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही आणि त्यावर सह्याद्री वाहिनी दिसते.

मुलांनो, आजी-आजोबांना रिमोट शिकवा आणि रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून मराठी बातम्या ऐका. न समजलेला शब्द त्यांनाच विचारा. आमची मराठी अशीच वाढली.