लोणावळें : योगाभ्यास आणि कॅमेरा

मुंबईहून पुण्यास जातांना आगगाडी बोरघाट चढली म्हणजे लोणावळें लागतें. बहुतेक प्रवासी तेथें चिक्की घेऊन पुढें जातात. आम्ही मात्र गतवर्षीं पावसाळा सरतांना कैवल्यधाम पाहण्यासाठीं मुद्दाम उतरलों. स्वामी कुवलयानंदांनीं 1924 सालीं हा आश्रम स्थापिला व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक काढलें. उड्डियान व नौली करतांना साधकाच्या उदरांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें तपासून त्यांत प्रसिद्ध केलें. योगाभ्यासी यंत्रापुढें उभा राहिला, त्यास आतां शंभर वर्षें होऊन गेलीं.

असें असतां आजच्या योगशिक्षकास कॅमेऱ्याची भीति कां वाटावी? आमच्या मुक्कामीं उतरलेल्या एका तरुण शिक्षिकाबाईंनीं त्याचें कारण सांगितलें. वर्गांत शिष्यांचे चेहरे बोलतात. कोणाचा श्वास कोंडला, कोणाचा गुडघा दुखला, हें तत्काळ कळतें. कॅमेरा कांहींच उत्तर देत नाहीं, म्हणून जीभ अडखळते.

यावर त्यांनीं योजिलेला उपाय आम्हांस फार आवडला. कॅमेऱ्याशेजारीं त्या आपल्या सासूबाईंना सतरंजीवर बसवीत आणि पाठ त्यांनाच देत. सासूबाईंस रक्तदाबाचा विकार. त्यामुळें ‘शीर्षासन तुम्ही करूं नका’ हें वाक्य आपोआपच मुखीं येई व भाषेंतला अवघडलेपणा जाई. आसन आधीं शब्दांनीं सांगावें, मग करून दाखवावें. श्वास रोखला असतां बोलूं नये. उजेड समोरून घ्यावा. बाजूनें सर्वांग दिसेल इतक्या अंतरावर कॅमेरा ठेवावा, हे त्यांचे नियम. पहिल्या खेपेस स्वतःचा आवाज परका वाटतो. एरव्हीं तो आपण कवटीच्या हाडांतूनहि ऐकत असतों. ध्वनिमुद्रणांत तेवढा अंश नसतो, इतकेंच. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

पतंजलींनीं आसनास स्थैर्य व सुख हीं दोन लक्षणें सांगितलीं आहेत. कॅमेऱ्यापुढील शिक्षकासहि तीं लागू पडतात. पण दूरच्या शिष्याची मान सावरण्यास तेथें गुरूचा हात पोंचत नाहीं. म्हणून कोणीं काय करूं नये, हें निर्भीडपणें सांगणें हाच खरा आत्मविश्वास. घरोघरीं मोबाइल पाहून आसनें करणाऱ्या आमच्या वाचकांनींहि शिक्षक निवडतांना त्याचें शरीर किती वांकतें हें न पाहतां, तो कोठें थांबावयास सांगतो, हें आधीं ऐकावें.