डांबर सोडू नकोस

चि. भाचीबाईस,


परवा तुझ्या आईचा फोन आला. सायकल आली म्हणाली. निळी आहे, पुढे जाळीची टोपली आहे, आणि घंटी नीट वाजते की नाही ते तू अंगणात रात्री नऊपर्यंत तपासत होतीस म्हणे. मानव विकास कार्यक्रमाचे पाच हजार, आणि वरचे आज्याने नागली विकून घातलेले. शाळा पाच किलोमीटरच्या आत म्हणून सायकल. लांब असती तर मुलींची ती निळी एस.टी. असती, आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुझ्या चार किलोमीटरांपैकी अडीच पाड्याच्या रस्त्याचे. तिथलं मी काय सांगू? शेळ्या आडव्या येतील आणि चढावर उतरून ढकलावी लागेल, एवढंच. राहिले दीड. ते महामार्गाचे. घोटी-त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोरला उतरणाऱ्या या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग १६० ए म्हणतात. आम्ही जीपवाले त्याला नुसतं ‘लाइन’ म्हणतो. चोवीस वर्षं मी या लाइनला आहे. त्या दीड किलोमीटरमध्ये तू दोनदा अडणार. एकदा आपल्या फाट्यावर लाइनला लागताना आणि एकदा शाळेच्या वळणाला, उजवीकडे वळताना. शहरातल्या पोरींना चौकात सिग्नल असतो, शिट्टी मारणारा पोलीस असतो. आपल्या फाट्यावर पानाची टपरी, वाकलेला फलक आणि गाडीची वाट बघत उकिडवी बसलेली माणसं. आपला चौक तोच.

आमच्या धंद्यात एक शब्द दिवसभर तोंडात असतो. साईड. साईड मागायची, साईड द्यायची, दिली नाही म्हणून पुढच्या नाक्यावर गाठून भांडायचं. ट्रकवाला जीपला साईड देतो, जीपवाला कधी नाइलाजाने मोटरसायकलला देतो. ‘सायकलला साईड दिली’ असं मात्र मी कुणा ड्रायव्हरच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. सायकलला हॉर्न देतात. हॉर्न ऐकला की सायकल आपोआप डांबराखाली उतरते. मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो म्हणायचा, सायकलवाला दिसला की लांबूनच वाजव. ब्रेक लागत नाही, डिझेल वाचतं. मी वाचवलं. किती वर्षं वाचवलं ते मोजलेलं नाही.

सायकल उतरते ती कुठे, ते जीपमधून कळत नाही. डांबराच्या कडेला जी मुरमाची पट्टी असते ना, ती साईडपट्टी. ती डांबराच्या बरोबरीने असायला हवी. पण आपल्याकडचा पाऊस पहिल्या महिन्यातच मुरूम ओढ्याला नेऊन सोडतो, आणि डांबराची कड वीतभर उंच उरते, उंदराने खालून कुरतडलेल्या भाकरीसारखी. जीपच्या चाकाला त्या पायरीचं काहीच वाटत नाही. सायकलचं चाक उतरताना एक वेळ निभावून जातं. परत वर चढताना मात्र ते कडेला घासत राहतं, हँडल हातचं जातं, आणि माणूस पडतो तो शेताकडे पडत नाही, रस्त्याकडे पडतो. मागून येणाऱ्याच्या पुढ्यात.

हे मला कसं कळलं ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

काही वर्षं झाली. श्रावणातला सोमवार, त्र्यंबकची गर्दी, जीपमध्ये चौदा माणसं. रिमझिम होती. उतारावर पुढे एक पोरगी, तुझ्याएवढीच, कॅरिअरला दप्तर सुतळीने बांधलेलं. मी सवयीने लांबूनच हॉर्न धरला. ती उतरली. मी पुढे गेलो. आरशात बघतो तर ती डांबरावर परत चढत होती, आणि दुसऱ्या क्षणाला सायकल आडवी. सुतळी सुटली, वह्या ओल्या रस्त्यावर. माझ्या मागे गाडी नव्हती, हे तिचं नशीब आणि माझंही. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, “उठली, उठली, चला.” मी तो ‘चला’ आयता घेतला आणि थांबलो नाही. दोन तासांनी परत आलो तेव्हा त्या जागी वहीचं एक पान चिखलाला चिकटून होतं. गणिताचं. बरोबरची लाल खूण पाण्याने पसरली होती.

त्यानंतर मी काही संत झालो नाही. अजूनही घाईत हॉर्नवर हात जातो. पण सायकल दिसली की पाय आधी ब्रेकवर जातो, एवढा फरक पडला.

म्हणून तुला सांगतो, डांबर सोडू नकोस. कडेपासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालव. कडेला चिकटून चाललीस की ड्रायव्हर मनात हिशेब करतो, बसेल जागा, आणि घुसतो. जरा आत असलीस की त्याला तुझ्यासाठी काहीतरी ठरवावं लागतं. समोरून गाडी येत असेल तर तुझ्या मागे चार सेकंद थांबावं लागतं. तो शिव्या देईल. देऊ दे, शिवीने पंक्चर होत नाही. एकच अपवाद: समोरून दोन गाड्या जोडीने, एकमेकीला मागे टाकत येताना दिसल्या तर अवश्य उतर. तिथे हक्काच्या गप्पा नकोत. पण वेग मोडून उतर, आणि परत डांबरावर येताना थांबून, पुढचं चाक उचलून ठेव. चालत्या सायकलीने ती कड चढायची नाही.

आता फाटा. इथे तुला आवडणार नाही असं एक सांगतो. सिग्नल नसलेल्या चौकात कुणी आधी जायचं हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत आहे, आणि त्याआधीच्या १९८९ च्या नियमांतही होतं. मुख्य रस्त्यावरच्याला आधी. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. म्हणजे पाड्यातून लाइनला लागताना मान त्या रस्त्यावरच्या गाडीचा. तू थांबायचं, पाय टेकून थांबायचं. पण एकदा लाइनला लागलीस की तूही त्या रस्त्यावरचीच झालीस. मग आडव्या रस्त्याने येऊन तुझ्या पुढ्यात गाडी घालणारा चुकतो, मग तो माझ्यासारखा मामा असला तरी. आणि पांढरे पट्टे असतील तिथे पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ही आम्हा ड्रायव्हरांची बांधिलकी आहे, मेहेरबानी नव्हे. सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत निघालीस की तूही पायी चालणारीच. तुझ्या शाळेसमोर पट्टे मारले होते एकदा. दोन पावसाळ्यांत गेले. ड्रायव्हर म्हणतो पट्टा नाही, मग मी का थांबू? जिथे रोज शंभर पोरं रस्ता ओलांडतात तिथे रंगाची वाट बघणाऱ्याला मी काय बोलणार!

कायद्याच्या लेखी तुझी सायकल मोटार वाहन नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको, मजा आहे. पण ज्याला नंबर नाही त्याची आठवणही उशिरा येते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात एक पोटकलम आलं, की रस्त्याच्या सुरक्षेसाठी सायकलसारखी वाहनं आणि पायी चालणारे यांच्या वावराचे नियम राज्यांना करता येतील. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, की सहा महिन्यांत ते नियम करा. मधल्या काळात काय होत राहिलं? एकट्या २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सायकलवरची चार हजार आठशेच्या घरात. दिवसाला तेरा पडतात.

परदेशाचं कौतुक सांगायची मला सवय नाही, पण हे एक सांगतो. नेदरलँड्समध्ये आज सायकली आपल्याकडच्या बकऱ्यांसारख्या सगळीकडे. तिथेही १९७१ च्या एका वर्षात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेवर मुलं. ज्याची मुलगी गेली अशा एका पत्रकाराने पेपरात लेख लिहिला, आणि ‘मुलांचे खून थांबवा’ या नावाने चळवळच उभी राहिली. अपघात म्हणाले नाहीत ते, खून म्हणाले. पुढे रस्ते बदलले. तिथल्या शाळेतल्या पोरांची सायकलची परीक्षाही होते, लेखी आणि रस्त्यावर जाऊन. आपल्याकडे सायकल मिळते, पावती जोडायला सांगतात, परीक्षा कुणी घेत नाही. तर तुझी मीच घेणार आहे.

पहिला प्रश्न. शाळेच्या वळणाला उजवीकडे कसं जाशील? डाव्या कडेने चालता चालता हात दाखवून मध्ये घुसायचं, हे उत्तर लिहिलंस तर शून्य. वळणाच्या थोडं पुढे जा, डावीकडे थांब, उतर. रस्ता सात मीटरचा. सायकल ढकलत पार करायला तुला सात-आठ सेकंद. तेवढ्यात साठच्या वेगाची गाडी सव्वाशे मीटर येते. तिथे उभं राहून मोखाड्याच्या बाजूला बघितलंस तर तो वाकडा मोह आहे ना, साधारण तेवढं अंतर. मोहाच्या अलीकडे गाडी असली की निघायचं नाही. पलीकडे असली तरी आधी ड्रायव्हरचं तोंड तुझ्याकडे वळलेलं बघ. दुसऱ्या बाजूला वळण जवळ आहे, तिथे डोळ्यांपेक्षा कान लाव.

दुसरा. पावसात ब्रेक केव्हा लावशील? रबर ओल्या रिमवर आधी नुसतं घसरतं, पाणी निघालं की मग धरतं. फाट्याचा उतार वरूनच ब्रेक घासत उतर, खाली पोचून लावलास तर थेट लाइनवर जाशील. आणि मागचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने बुजतो, तो रोज ओढणीने पूस. पुसून झाल्यावर ओढणी नीट खोच, चाकात गेली तर दुसरंच पत्र लिहावं लागेल.

तिसरा प्रश्न जास्त मार्कांचा, आणि त्याचं उत्तर घरी बसून येत नाही. जीपवाल्याला तू कुठे दिसत नाहीस?

तुला वाटतं एवढी मोठी काच, उंच बसलेला माणूस, त्याला सगळं दिसत असेल. माझ्या काचेवर वर देवाचं नाव, मध्ये हार, खाली लिंबू-मिरची. काचेच्या कडेचा खांब मनगटाएवढा वाटतो, पण वळताना त्याच्या आड अख्खी सायकल माणसासकट मावते. आणि डावा आरसा तर मला कित्येक वर्षं दिसतच नव्हता. कारण पुढे माझ्या शेजारी तीन माणसं बसायची, चौथा दाराशी अर्धा बाहेर. डावीकडे वळताना मी अंदाजाने वळायचो. डाव्या चाकाशी कुणी सायकल घेऊन उभं असेल तर ते दाबलं जाणार, हे मला माहीत असूनही मी वळायचो, कारण आजवर कुणी उभं नव्हतं. वळणाऱ्या जीपच्या डाव्या अंगाला कधीच थांबू नकोस. तिच्या पुढे राहा, दिसेल अशी, नाहीतर अगदी मागे.

गर्दी वाढणार आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवार दाभोसा धबधब्याला येणारी पोरं आहेतच, आणि २०२७ ला त्र्यंबकला सिंहस्थाची स्नानं आहेत. वसई-पालघरकडून, गुजरातकडून कितीतरी गाड्या आपल्याच लाइनने जातील. त्यांना आपला फाटा माहीत नाही, शाळा माहीत नाही, वाकडा मोह माहीत नाही.

तर या रविवारी सकाळी ये. एकटी नको, मैत्रिणीला तिच्या सायकलसकट आण. जीप धुवायची आहे, दोघी हात लावा. मग तू माझ्या सीटवर बस, खाली उशी घे म्हणजे उंची जमेल, आणि तिला सायकल धरून जीपभोवती फिरू दे. जिथे ती दिसेनाशी होईल तिथे मी खडूने जमिनीवर खूण करतो. मग तू खाली, ती वर. हार मी शुक्रवारीच काढला आहे. पुढे आता एकच माणूस बसवतो. खेपेला तीन सीटचे पैसे जातात, मामी कुरकुरते, तिला तू समजाव.

येताना पाड्याच्या रस्त्यानेच ये. लाइनला लागू नकोस, मी फाट्यावर उभा असेन.

तुझा
मामा